दुसरं लिनक्स टाकलं आणि लॉगिन अडलं: पासवर्ड बरोबर असूनही आत का घेत नाही

राजारामपुरीत डीटीपीचं काम करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या कॉम्प्युटरवर उबंटू २२.०४ आहे, दुकानदारानंच घालून दिलेलं. स्क्रायबस आणि इंकस्केप या डिझाइनच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या हव्यात म्हणून त्यांनी शेजारच्या रिकाम्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर) फेडोरा वर्कस्टेशन हे दुसरं लिनक्स टाकलं. होमचं, म्हणजे युजरच्या फायली आणि सेटिंग जिथं राहतात त्या फोल्डरचं, पार्टिशन वेगळं होतंच, तेच फॉरमॅट न करता फेडोरालाही दिलं, म्हणजे सगळं काम दोन्हीकडं दिसेल. युजरनेम तेच, पासवर्ड तोच. आता फेडोरात पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा लॉगिनचीच खिडकी समोर येते. पासवर्ड चुकला असंही म्हणत नाही. उबंटू चालू आहे, पण सुरू व्हायला दीडेक मिनिट जास्त घेतंय. भाच्यानं सुचवलंय की होमवर सरसकट ७७७ परवानगी, म्हणजे सगळ्यांना सगळं करायची मुभा, देऊन टाक. लग्नसराईच्या सगळ्या पत्रिका त्या होममध्ये आहेत. काय करू?

ताई, ७७७ करू नका. फेडोरा पुन्हा इन्स्टॉलही करू नका, कारण तेच पुन्हा होईल. तुमच्या फायली जागच्या जागी आहेत, त्यांना अजून काही झालेलं नाही. उबंटू चालतंय तोवर त्यात जाऊन पत्रिकांचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या आणि मगच पुढचं करायला बसा. शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या ऑफिसांची आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉपची लिनक्स मशीन मी बरीच वर्षं सांभाळतोय. दुसरं लिनक्स टाकल्यावर आत जाता येत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा अशा सामायिक होममधूनच येते. खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाईप करताना इंग्रजी लहान अक्षरात करा. ‘डॅश’ म्हणजे आडवी छोटी रेघ, ‘स्लॅश’ म्हणजे तिरकी.

‘लॉगिन होत नाही’ असं सगळेच म्हणतात, पण त्यात दोन अगदी वेगळे बिघाड असतात. पहिल्यात सिस्टीम तुम्हाला ओळखतच नाही: पासवर्ड चालला नाही म्हणते आणि चौकोन पुन्हा रिकामा करते. दुसऱ्यात ओळखते, पासवर्ड मान्य करते, तुमचं सेशन सुरू करायला जाते आणि तिथं आपटते. मग बाहेर फेकते. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं आहे. स्क्रीन काळी होऊन परत येणं ही त्याची खूण. अशा वेळी पासवर्ड बदलत बसण्यात काही अर्थ नाही, कारण पासवर्डचं काम तिथं संपलेलं असतं.

खात्री करायला फेडोराच्या लॉगिन स्क्रीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. लॅपटॉप असेल तर सोबत एफएन की सुद्धा लागू शकते. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं असलेलं लॉगिन येईल. युजरनेम टाका, एंटर, पासवर्ड टाका, एंटर. पासवर्ड टाईप होताना चांदण्यासुद्धा दिसत नाहीत, ते तसंच असतं. माझा अंदाज बरोबर असेल तर तुम्ही आत जाल, पण एक ओळ येईल: तुमच्या होमचा पत्ता, पुढं ‘चेंज डिरेक्टरी फेल्ड, परमिशन डिनाइड’, आणि त्याखाली ‘लॉगिंग इन विथ होम’ म्हणून नुसता एक स्लॅश. म्हणजे सिस्टीम सांगते की तुम्ही कोण ते पटलं, पण तुमच्याच घरात जायची परवानगी तुम्हाला नाही, म्हणून बाहेरच्या अंगणात उभं केलंय. टेक्स्ट कन्सोलला तेवढ्यावर भागतं. जीनोमला, म्हणजे खिडक्या-चिन्हांच्या नेहमीच्या डेस्कटॉपला, भागत नाही. त्याला सुरू होतानाच होममध्ये सेटिंग वाचायची आणि लिहायची असतात, ते जमलं नाही की तो मुकाट्यानं बंद पडतो.

आता तिथंच ‘आयडी’ ही कमांड द्या. ‘यूआयडी’, म्हणजे युजरचा नंबर, त्यासमोर बहुतेक १००० दिसेल. मग ‘एलएस डॅश एलएन स्लॅश होम’ द्या. यात मालकाच्या नावाऐवजी मालकाचा नंबर दिसतो. तुमच्या फोल्डरसमोर १००१ असेल, तर दुखणं सापडलं.

लिनक्स फाईलवर मालकाचं नाव लिहीतच नाही, नंबर लिहितं. नाव फक्त दाखवताना येतं, आणि ते प्रत्येक सिस्टीमच्या आपापल्या इटीसी-पासडब्ल्यूडी फाईलमधून येतं. दारावर पाटी कुणाचीही असली तरी सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघतात ना, तसं. उबंटूवर तुमचा नंबर १००१ का झाला? दुकानदारानं मशीन तयार करताना आधी आपल्या सोयीसाठी एक खातं काढलं असणार, त्याला १००० मिळाला. नंतर तुमचं काढलं, ते १००१. फेडोरात पहिल्यांदा चालू केल्यावर जो स्वागताचा भाग येतो, त्यात तुम्ही स्वतःचं खातं काढलं. ते तिथलं पहिलंच, म्हणून १०००. नाव तेच, पासवर्ड तोच, पण फाईल सिस्टीमच्या दृष्टीनं तुम्ही परक्या. त्यात २१.०४ पासून उबंटू नव्या खात्याचं होम ७५० परवानगीनं बनवतं. मालक आणि त्याचा गट सोडून बाकी कुणाला आत डोकावताही येत नाही. पूर्वी ७५५ असायचं, म्हणजे बाकीच्यांना वाचता यायचं, त्यामुळं तेव्हा हा गोंधळ एवढा ठळक दिसायचा नाही. लॉगिन व्हायचं, आणि मग काहीच सेव्ह होत नाही म्हणून माणूस चक्रावायचा.

काही इन्स्टॉलर जुनं होम दिसलं की त्याच्या मालकाचा नंबर बघून नव्या खात्याला तोच देतात, काही देत नाहीत. म्हणून ओळखीतला एखादा ठामपणे सांगतो की आम्ही असंच केलं आणि आम्हाला काही झालं नाही. तो खरंच सांगत असतो. त्यांच्याकडं एक तर इन्स्टॉलरनं नंबर जुळवलेला असतो, नाहीतर दोन्ही बाजूंना पहिलंच खातं असतं, १००० आणि १०००. जुन्या वर्कशॉप मशीनवर याहून मोठं अंतर दिसतं. फेडोरा १६ च्या आधी, म्हणजे नोव्हेंबर २०११ पूर्वी, रेड हॅटच्या घराण्यात माणसांचे नंबर ५०० पासून सुरू व्हायचे, आणि सेंटओएस ६ पर्यंत ते तसंच राहिलं. एखाद्या सीएनसीशेजारी अजून तसला डबा चालू असेल आणि त्याची डिस्क नव्या उबंटूला जोडली, तर सगळ्या फायलींवर मालक म्हणून नुसता ५०० चा आकडा दिसतो.

आता भाच्याच्या ७७७ बद्दल, कारण हा सल्ला कोल्हापुरातच काय, कुठंही गेलात तरी पहिल्या दमात मिळतो. ७७७ नं मालक बदलत नाही, दार सताड उघडं राहतं. कदाचित फेडोरात लॉगिन होईलही, आणि खरं नुकसान त्यानंतर सुरू होतं. फेडोरात तुम्ही पत्रिका सेव्ह कराल ती १००० च्या मालकीची होईल. उबंटूत परतल्यावर तुम्ही १००१, त्यामुळं तीच पत्रिका फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही. आठवड्याभरात एका फोल्डरमध्ये दोन मालकांच्या फायली मिसळतात आणि कुठली कुणाची याचा पत्ता लागत नाही. शिवाय ज्यांची परवानगी घट्टच असावी लागते, अशाही फायली होममध्ये असतात. एसएसएचची (दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायच्या सोयीची) खासगी किल्ली सगळ्यांना वाचता येतेय असं दिसलं की एसएसएच ती वापरायला साफ नकार देतं. आणि ही कमांड चुकून होमऐवजी नुसत्या स्लॅशवर चालली, तर सुडोसकट (प्रशासक म्हणून कमांड चालवायची सोय) सगळी सिस्टीम मोडते. त्यातून उठवण्यापेक्षा नव्यानं टाकणं सोपं पडतं.

दुसरा हमखास मिळणारा सल्ला सीएचओनचा: फेडोरातून सगळ्या होमची मालकी तुमच्या नावावर करून टाका. यानं फेडोरा लगेच चालू होतं आणि उबंटू बंद पडतं, कारण आता सगळं १००० च्या नावावर गेलं आणि उबंटूत १००० म्हणजे दुकानदाराचं खातं. मग उबंटूतून पुन्हा सीएचओन, की फेडोरा बंद. या फेऱ्यात दिवसच्या दिवस घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

बदलायचा आहे तो फेडोरातला तुमचा नंबर. उबंटूला हात लावू नका, तिथं सगळं जुळलेलं आहे. आधी उबंटूत टर्मिनल उघडून ‘आयडी’ द्या आणि ‘यूआयडी’ आणि ‘जीआयडी’ (गटाचा नंबर) दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या. साधारण दोन्ही १००१ असतील, पण बघून लिहा. मग फेडोरा चालू करून एफ३ च्या टेक्स्ट कन्सोलवर जा. स्वतःच्या नावानं आत असताना स्वतःचा नंबर बदलता येत नाही, युजरमॉड सरळ सांगतं की हे खातं वापरात आहे. म्हणून ‘सुडो पासडब्ल्यूडी रूट’ देऊन रूटला, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य प्रशासक खात्याला, तात्पुरता पासवर्ड द्या, ‘एक्झिट’ करून बाहेर या आणि त्याच कन्सोलवर रूट म्हणून आत जा. ‘ग्रेप १००१ स्लॅश इटीसी स्लॅश पासडब्ल्यूडी’ देऊन बघा: काहीच छापलं नाही तर तो नंबर फेडोरात मोकळा आहे. गटासाठी हेच इटीसीमधल्या ‘ग्रुप’ फाईलवर करा.

मग ‘युजरमॉड डॅश यू १००१’ आणि पुढं तुमचं युजरनेम. त्यानंतर ‘ग्रुपमॉड डॅश जी १००१’ आणि पुढं गटाचं नाव. तुम्ही काही वेगळं केलं नसेल तर गटाचं नावही युजरनेमच असतं. अजूनही खातं वापरात आहे असं म्हणालं तर ‘लॉगिनसीटीएल टर्मिनेट-युजर’ पुढं युजरनेम द्या, दहा-वीस सेकंद थांबा आणि पुन्हा करा. युजरमॉड होममधल्या जुन्या नंबरच्या फायलीही नव्या नंबरवर घेतं, त्यामुळं होम मोठं असेल तर ते थोडा वेळ शांत बसल्यासारखं वाटेल. मध्ये तोडू नका.

फेडोराची आणखी एक अट राहते, आणि ती बहुतेक जण सोडून देतात. फेडोरात एसईलिनक्स चालू असतं. ते परवानगीच्या पलीकडं जाऊन प्रत्येक फाईलवर एक लेबल बघतं. उबंटूत एसईलिनक्स वापरात नसतं, त्यामुळं तिकडं बनलेल्या फायलींवर लेबलच नसतं. म्हणून रूट असतानाच ‘रिस्टोअरकॉन डॅश आरएफ स्लॅश होम’ द्या. यात आर आणि एफ ही दोन अक्षरं मात्र मोठी काढा. उबंटूला त्या लेबलांशी काही देणंघेणं नाही, तिकडं काही बिघडत नाही. मग रीबूट करा आणि नेहमीच्या स्क्रीनवरून आत जाऊन बघा. आत गेलात की टर्मिनलमध्ये ‘सुडो पासडब्ल्यूडी डॅश एल रूट’ देऊन रूटचं खातं पुन्हा बंद करा.

एवढ्यानं तुम्ही आत जाल. पण अख्खं होम दोन सिस्टीमना सामायिक ठेवू नका, असंच मी सांगेन, आणि हे मी प्रत्येकाला सांगतो. होममध्ये तुमच्या पत्रिका जेवढ्या असतात त्याहून जास्त असतात टिंबानं सुरू होणारी लपलेली फोल्डरं, आणि ती प्रोग्रामची असतात. उबंटू २२.०४ मध्ये जीनोम ४२ आहे, फेडोरातला त्याहून बराच पुढचा. दोघं एकाच फायलीत आपापली सेटिंग लिहिणार. पुढच्यानं लिहिलेलं मागच्याला कळेलच असं नाही. कधी पॅनेल गायब होतं, कधी एक्स्टेंशनमुळं सेशन उघडत नाही आणि पुन्हा तोच लॉगिनचा फेरा. थंडरबर्ड तर स्पष्टच बोलतो: नव्या आवृत्तीनं एकदा मेलचं प्रोफाइल उघडलं की जुनी आवृत्ती ते उघडायला नकार देते आणि नवं प्रोफाइल बनवा म्हणते. ग्राहकांच्या मेल गेल्या म्हणून माणूस हादरतो. त्या गेलेल्या नसतात, पण तेवढा वेळ जीव टांगणीला लागतो. फायरफॉक्सचं उलटं. उबंटू २२.०४ मध्ये तो स्नॅप म्हणून, म्हणजे उबंटूच्या वेगळ्या बंदिस्त पॅकेजमध्ये, येतो आणि आपलं प्रोफाइल स्नॅपच्या फोल्डरमध्ये ठेवतो, त्यामुळं होम एक असूनही तिकडचे बुकमार्क इकडं दिसत नाहीत.

पासवर्डांची तिजोरी म्हणजे कीरिंग, तीही होममध्येच असते आणि लॉगिनच्या पासवर्डनं कुलूपबंद असते. आज दोन्हीकडं पासवर्ड एकच आहे म्हणून जाणवत नाही. उद्या एकीकडं बदललात तर तिजोरीलाही नवा पासवर्ड लागतो, आणि दुसऱ्या सिस्टीमवर आत गेल्या गेल्या कीरिंग उघडली नाही असा चौकोन यायला लागतो.

तेव्हा असं करा. फेडोराला त्याचं स्वतःचं होम द्या, त्याच्याच मुख्य (रूट) पार्टिशनवर. कुठलं पार्टिशन कुठं जोडायचं ते इटीसीमधली एफएसटॅब फाईल सांगते. फेडोराच्या त्या फाईलमध्ये होमची जी ओळ आहे, तीत माउंटचा, म्हणजे जोडायचा, पत्ता ‘स्लॅश होम’ऐवजी ‘स्लॅश काम’ करा. त्या नावाचं रिकामं फोल्डर आधी बनवून ठेवा, आणि ओळीतल्या पर्यायांत स्वल्पविराम देऊन ‘नोफेल’ घाला, म्हणजे ते पार्टिशन सापडलं नाही तरी बूट अडणार नाही. रीबूट केल्यावर फेडोराचं होम रिकामं असेल, म्हणून कन्सोलवर रूट होऊन ‘एमकेहोमडीर अंडरस्कोअर हेल्पर’ पुढं युजरनेम द्या. नवं होम तयार होईल. त्यावर पुन्हा रिस्टोअरकॉन चालवा. रूट बंद करायचं काम या सगळ्यानंतर केलंत तरी चालेल. मग जुन्या होममधलं डॉक्युमेंट्सचं फोल्डर, पत्रिकांचं फोल्डर आणि, तुमच्या धंद्यात हे फार महत्त्वाचं, फॉन्टचं फोल्डर यांच्या लिंक नव्या होममध्ये घ्या. मराठी फॉन्ट दोन्हीकडं तेच आणि तेवढेच असले पाहिजेत, नाहीतर पत्रिकेतली जोडाक्षरं एकीकडं एक आणि दुसरीकडं भलतीच दिसतील. नंबर जुळवणं या मांडणीतही लागतंच, ते काम वाया गेलेलं नाही. आणि नव्या स्क्रायबसमध्ये सेव्ह केलेली फाईल जुन्यात उघडेलच याची खात्री नसते. ज्या ग्राहकाचं काम फेडोरात सुरू केलं ते फेडोरातच संपवा.

आता उबंटूच्या त्या दीड मिनिटाबद्दल. दीड मिनिट म्हणजे नव्वद सेकंद, आणि नव्वद सेकंद ही सिस्टमडीची (मशीन चालू होताना सगळं सुरू करणारा प्रोग्राम) एखाद्या डिस्कची वाट बघायची ठरलेली मुदत. फेडोरा टाकताना पार्टिशन हातानं निवडताना तुम्ही जुनं स्वॅप पार्टिशनही (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) दाखवलं असणार आणि ते नव्यानं फॉरमॅट झालं असणार. फॉरमॅट झालं की पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, बदलतो. उबंटूच्या एफएसटॅबमध्ये जुनाच आहे, ते त्याची वाट बघतं आणि कंटाळून पुढं जातं. उबंटूत ‘सुडो ब्लॉकआयडी’ द्या. ही कमांड इंग्रजीत बीएलकेआयडी अशी लिहितात. स्वॅपसमोरचा नवा यूयूआयडी एफएसटॅबमध्ये जुन्याच्या जागी घाला. इटीसीतल्या इनिटरॅमएफएस-टूल्समध्ये कॉन्फ-डी नावाच्या फोल्डरात ‘रिझ्यूम’ नावाची फाईल असेल तर तिथंही तोच बदला आणि ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू’ चालवा. स्वॅप आहे म्हणून नव्वद सेकंदांवर निभावलं. होमच्या पार्टिशनचा यूयूआयडी बदलला असता तर मशीन वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर, गेलं असतं. फेडोरात रूट बंद असताना तिथं गेलात तर ते रूटचं खातं लॉक आहे म्हणून कन्सोलही देत नाही आणि लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स थेट चालू होतं तो) काढावा लागतो. मघाशी ‘नोफेल’ घालायला सांगितलं ते यासाठीच.

आता पहिल्या प्रकाराबद्दलही थोडं लिहितो, जिथं पासवर्डच नाकारला जातो. तुम्ही मराठी टायपिंग करता, त्यामुळं आज ना उद्या तुमच्याही वाट्याला येईल. डीटीपीच्या दुकानात मला हे सर्वांत जास्त दिसतं: कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिलेला असतो आणि पासवर्ड देवनागरीत टाईप होतो. पडद्यावर फक्त ठिपके, त्यामुळं कळायला मार्ग नाही. जीनोमच्या लॉगिन स्क्रीनवर पासवर्डच्या चौकोनात उजवीकडं डोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबा आणि काय टाईप होतंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कोपऱ्यात भाषेचं चिन्ह दिसत असेल तर त्यावरूनच लेआउट बदलता येतो. इन्स्टॉल करताना भारताऐवजी ब्रिटिश इंग्रजी निवडलं गेलं तरी असंच होतं, फक्त जास्त फसवं. अक्षरं सगळी बरोबर येतात, पण ‘अ‍ॅट’चं चिन्ह दोनवरून जाऊन अवतरणचिन्हाच्या कीवर बसतं, आणि दोनवर अवतरणचिन्ह येतं. पासवर्डमध्ये ‘अ‍ॅट’ असलेल्या माणसाला आपण विसरलो की काय असं वाटायला लागतं. पासवर्ड नवा ठेवताना पहिल्या लॉगिनपुरता तरी नुसत्या अक्षर-आकड्यांचा ठेवा. आत जाऊन लेआउट नीट केला की मग हवा तसा बदला.

आर्च लिनक्स किंवा त्यावरून बनलेलं काही टाकलं असेल, तर तीनदा चुकलं की खातं दहा मिनिटांसाठी बंद होतं, आणि त्या दहा मिनिटांत बरोबर पासवर्डही नाकारला जातो. माणूस घाईघाईनं सगळे जुने पासवर्ड टाकत सुटतो आणि सगळेच नाकारले जातात. तिथं थांबणं हाच उपाय. किंवा रूट होऊन ‘फेललॉक’ कमांडनं त्या खात्याची नोंद पुसा.

फेडोराचा पासवर्ड विसरला म्हणून लाइव्ह पेनड्राइव्हवरून बदललात, आणि तरी आत घेत नाही, तर पुन्हा एसईलिनक्सकडं बघा. बाहेरून लिहिल्यामुळं पासवर्ड ठेवणाऱ्या शॅडो फाईलचं लेबल गेलेलं असतं. फेडोराच्या सगळ्यात वरच्या फोल्डरात, म्हणजे नुसत्या स्लॅशवर, ‘.ऑटोरिलेबल’ नावाची रिकामी फाईल बनवून रीबूट करा. पहिलं बूट लांबेल, कारण ते सगळ्या डिस्कवर लेबलं लावत फिरतं. लांबू द्या.

उबंटूच्या शेजारी लिनक्स मिंट टाकणाऱ्यांसाठी एक वेगळीच गोष्ट. मिंट आपला बूटलोडर, म्हणजे चालू होताना सिस्टीम निवडायचा मेनू देणारा ग्रब हा प्रोग्राम, ईएफआय (बूटच्या) पार्टिशनमध्ये ‘उबंटू’ याच नावाच्या फोल्डरात ठेवतं, त्यामुळं आधीचा उबंटूचा त्याखाली जातो. बायोसमध्ये ‘उबंटू’ निवडलं तरी समोर येतो तो मिंटचा ग्रब, आणि त्याची पहिली नोंद मिंट. माणूस उबंटूचा पासवर्ड मिंटला देत बसतो. टेक्स्ट कन्सोलवर गेलात की ‘लॉगिन’ शब्दाच्या आधी मशीनचं नाव छापलेलं असतं. दोन्ही सिस्टीमना इन्स्टॉल करतानाच वेगवेगळी नावं दिलीत तर आपण कुठं उभे आहोत ते तिथंच कळतं. आणि उलट, मेनूत दुसरी सिस्टीम दिसतच नसेल, तर २०२१ च्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टीम शोधायचं काम आपोआप होत नाही. इटीसी-डिफॉल्टमधल्या ग्रब फाईलमध्ये ‘ओएस प्रोबर’ बंद ठेवणारी सोय ‘फॉल्स’ करून ग्रब पुन्हा बनवावा लागतो.

जुन्या सिस्टीमच्या शॅडो फाईलमधली ओळ उचलून दुसरीकडं चिकटवणारे काही जण भेटतात, पासवर्ड तोच राहावा म्हणून. करू नका. उबंटू २२.०४ आणि नवी फेडोरा पासवर्ड येसक्रिप्ट पद्धतीनं साठवतात, उबंटू १८.०४ ला ती पद्धत कळतच नाही. पासडब्ल्यूडी कमांडनं दोन्हीकडं तोच पासवर्ड पुन्हा दिला की झालं.

तुमच्या बाबतीत नंबर दोन्हीकडं सारखेच निघाले, तरीही स्क्रीन काळी होऊन परत येत असेल, तर सीएचओनच्या वाटेला न जाता फेडोरात एक नवीन युजर काढा, नाव काहीही द्या, आणि त्या नावानं आत जाऊन बघा. नवा युजर आत गेला तर सिस्टीम ठणठणीत आहे, दोष तुमच्या होममधल्या सेटिंगचा. तोही गेला नाही तर तुमच्या होममधली सेटिंग निर्दोष आहेत, मग ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर किंवा डिस्क बघायची. डिस्कसाठी ‘डीएफ डॅश एच’ द्या. होम शंभर टक्के भरलेलं असेल तर जीनोमला एक छोटी फाईलही लिहिता येत नाही आणि तो बाहेर फेकतो. डीटीपीच्या मशीनवर मोठमोठ्या टीआयएफएफ फायलींनी डिस्क भरणं काही नवीन नाही. आणि पावसाळ्यात धाडकन लाईट गेल्यानंतर हा फेरा सुरू झाला असेल, यूपीएस नसेल, तर फाईल सिस्टीम फक्त-वाचन अवस्थेत गेली असण्याची शक्यता मोठी. टेक्स्ट कन्सोलवर होममध्ये ‘टच’नं एखादी रिकामी फाईल करून बघा. ‘रीड-ओन्ली फाईल सिस्टीम’ म्हणालं तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून, ते पार्टिशन माउंट न करता, त्यावर ‘एफएससीके’ चालवा.

यातलं काहीच लागू पडलं नाही, तर एकदा लॉगिनचा प्रयत्न करा, बाहेर फेकलं की लगेच एफ३ वर जाऊन ‘सुडो जर्नलसीटीएल डॅश बी डॅश ई’ द्या आणि पडद्यावरच्या शेवटच्या ओळींचा मोबाईलवर फोटो काढून पाठवा. सोबत दोन्ही सिस्टीमवरच्या ‘आयडी’चे आकडे आणि फेडोरातल्या ‘एलएस डॅश एलएन स्लॅश होम’चं जे काही येईल ते. पुढचं त्यावरून सांगता येईल.